शाळेच्या फाटकापासून सेंट्रलपर्यंत

गेल्या डिसेंबरात आम्ही 1981 च्या दहावीचे अकरा जण डोंबिवलीला एका वर्गमित्राच्या घरी जमलो होतो. गिरगावातल्या शाळेची मुलं डोंबिवलीत जमतात याचं आता कुणाला नवल वाटत नाही. अकरांपैकी गिरगावात राहणारा एकच उरला आहे. जेवणं झाली, पानं झाली आणि कुणीतरी विचारलं, "शाळेच्या फाटकातून बाहेर पडलं की डाव्या हाताला पहिलं दुकान कुठलं होतं रे?" तिघांनी तीन उत्तरं दिली. मग यजमानाने नातवाचे ड्रॉइंगचे कागद आणले, चार ताव चिकटपट्टीने जोडले, आणि आम्ही साठीतली माणसं जमिनीवर मांडी घालून आमचा रस्ता काढायला बसलो. एका टोकाला शाळेचं फाटक, दुसऱ्या टोकाला सेंट्रल सिनेमा. मधलं सगळं आठवून भरायचं.

अर्ध्या तासात एक गोष्ट लक्षात आली. आम्हा मुलग्यांना रस्त्याची एकच बाजू येत होती. सलूनपासून सायकलवाल्यापर्यंत डावी बाजू आम्ही न अडखळता सांगितली, पण समोरच्या फुटपाथवर काय होतं ते एकालाही धड सांगता येईना. आणि तीच बाजू आमच्या वर्गमैत्रिणींनी एका दमात भरली. बांगड्यांचं दुकान, त्याला लागून फॉल-बिडिंगवाली, मग लोकरीचे गुंडे काचेत मांडलेलं दुकान, मग गजरेवाल्या मावशींची टोपली. "तुम्ही कधी त्या बाजूने चाललाच नाहीत," एक मैत्रीण म्हणाली. "आणि आम्हाला घरून सांगितलेलं होतं, थिएटरच्या बाजूने यायचं नाही. तिथे तिकिटाच्या लायनी असतात, ब्लॅकवाले उभे असतात." दहा वर्षं एका वर्गात बसलो, सुटीची घंटा एकच ऐकली, आणि रस्ते मात्र दोन होते. हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

कागदावर सगळ्यात आधी भरली गेली ती पिठाची गिरणी, कारण ती सगळ्यांची होती. डबा न्यायचा आणि आईने पढवलेलं वाक्य बोलायचं, "गव्हावरच दळा." आधी कुणाचे तांदूळ दळले असतील तर त्यांचं पीठ आपल्या कणकेत येतं, म्हणून ही ताकीद. गिरणीवाल्या काकांच्या भुवया, पापण्या, कानावरचे केस सगळं पांढरं. पट्टा फटफटत असायचा. ते पिठाच्या धारेखाली हात धरायचे, चिमूट अंगठ्याने तर्जनीवर चोळून बघायचे आणि चाक जरासं फिरवायचे. कुणाकडे भाकरीला कसं लागतं, कुणाकडे पोळीला बारीक लागतं, हे त्यांना डब्यावरून कळायचं. दाणे संपत आले की जात्याचा आवाज बदलायचा. मग ते तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीवर काठीने दोन-चार फटके मारून अडकलेलं पीठ उतरवायचे. डबा घरी न्यायचा तो पोटाशी धरून. पावसाळ्यात भिजून आलेलं असलं की त्या गरम डब्याची ऊब सदऱ्यातून आत जायची. हे मी सांगत होतो तेव्हा बाकीचे दहाही जण नकळत पोटाशी हात धरून बसले होते.

आरेच्या दूध केंद्रासाठी कुणाला विचारावं लागलं नाही. पहाटे कार्ड घेऊन रांग, काचेच्या बाटल्यांची खळखळ आणि बाटलीवरचं पातळ पत्र्याचं झाकण. ती झाकणं धुऊन, सरळ करून आम्ही साठवायचो. हस्तकलेच्या तासाला त्यांच्या माळा व्हायच्या, गणपतीत त्यांचीच आरास. इराण्याच्या कोपऱ्यावर वाद झाला तो आरशांवरून. आरसे तीन होते की चार? संगमरवरी टेबलं मात्र सगळ्यांना आठवत होती, उन्हाळ्यात त्यांवर गाल टेकवला की गार लागायचं.

वह्या-पुस्तकांच्या दुकानाबद्दल मला जास्त लिहायचं आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या फळीसमोर अर्धी शाळा उभी असायची. दुकानाचे आजोबा आपल्या शाळेची यादी न बघता सांगायचे. पाचवीला दोन चौकटीच्या, सातवीला भूमितीची पेटी, आठवीला नकाशावही. निब तुटलं की नवं बसवून कागदावर आधी स्वतः एक रेघ ओढून बघायचे आणि मगच द्यायचे. वरच्या वर्गातली मुलं पुस्तकं अर्ध्या किमतीत खालच्यांना विकायची, तो व्यवहारही त्यांच्याच फळीवर. त्यात ते एक पैसा घेत नसत.

त्या रात्री आमच्यातला एक जण, जो शाळेत फारसा बोलायचा नाही, एकदम म्हणाला, "आठवीची माझी सगळी पुस्तकं उधार होती." त्याच्या वडिलांची कंपनी त्या वर्षी बंद पडली होती. आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. आजोबांनी त्याला यादीप्रमाणे सगळं काढून दिलं होतं, कव्हरच्या खाकी कागदासकट, आणि खात्यावर मांडून ठेवलं होतं. वर्षभरात एकदाही विचारलं नाही. पुढे नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून तो पैसे द्यायला गेला. आजोबांनी वही काढली, पान शोधलं, नोटा दोनदा मोजून घेतल्या, नोंदीवर काट मारली आणि सहीची पावती दिली. "राहू दे म्हणाले असते तर मला आवडलं नसतं," तो म्हणाला. पावती अजून त्याच्याकडे आहे. नकाशात त्या दुकानाचा चौकोन त्यानेच काढला.

आता सिनेमा. गिरगावात वाढलेल्या मुलाला सिनेमा ही लांबची गोष्ट नव्हती. सातवीत आमच्या इतिहासाच्या बाईंनी पुस्तक मिटून सांगितलं होतं, की दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी लागला तो इथे, आपल्या गिरगावात, कॉरोनेशनमध्ये. आणि पडदा पहिल्यांदा बोलला तोही इथेच. 14 मार्च 1931 रोजी 'आलम आरा' मॅजेस्टिकला लागला. आम्ही बाकांवर ताठ बसलो होतो. ज्या रस्त्याने आपण दप्तर घेऊन येतो तिथे हे घडलं, एवढ्यानेच उंची वाढल्यासारखी वाटली. मॅजेस्टिक मी आतून कधी पाहिलं नाही. त्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आलं, पण माझे वडील शेवटपर्यंत "मॅजेस्टिकपाशी उतर" असंच सांगायचे, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर सिनेमाच असायचा.

सेंट्रल माझ्या आजीचं. प्रभातचा 'संत तुकाराम' 12 डिसेंबर 1936 रोजी सेंट्रलला लागला आणि 57 आठवडे चालला. आजी तेव्हा नवी नवरी होती. ती तीनदा गेली. तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांना पडद्यावर बघून तिने हात जोडले होते, आणि चपला खुर्चीखाली काढून ठेवल्या होत्या. "देवळात घालून बसतं का कुणी?" असं ती मला विचारायची. मी सेंट्रलला गेलो की अंधार झाल्यावर माझीही पावलं आपोआप चपलांतून बाहेर यायची. खेळ कुठलाही असो.

मोठा होत गेलो तसं आमचं राज्य लॅमिंग्टन रोडपर्यंत पसरलं. आम्ही पाचवीत होतो, 1975 चा ऑगस्ट, तेव्हा मिनर्व्हाला 'शोले' लागला. तिथे तो पाच वर्षं राहिला, शेवटी शेवटी मॅटिनीला. तो उतरला तेव्हा आम्ही दहावीत होतो. आमच्या माध्यमिक शाळेचा सगळा काळ त्या एका फलकाखालून गेला. बीजगणित, स्काऊट, आवाज फुटणं, मिसरूड. फलकाचे रंग उन्हाने फिके पडायचे, पुन्हा नवे चढायचे.

ऑपेरा हाऊसला मामा न्यायचा. तिथे मी लवकर जायचा हट्ट धरायचो, कारण दिवे असेपर्यंतच छत बघता यायचं. घुमटाचे आठ भाग, त्यांत कवी आणि नाटककारांची चित्रं, आणि बाजूंना सोनेरी कठड्यांच्या बॉक्स. 1911 साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेली ती वास्तू, तिथे आम्ही भारतीय समाचार चित्र बघत चणे खायचो. 1993 ला ती बंद झाली. पुढची बरीच वर्षं बसमधून जाताना मी त्या बाजूला बघायचं टाळलं. 2016 ला पुन्हा उघडली तेव्हा आम्ही तिघं वर्गमित्र गेलो. आत शिरलो आणि तिघांनीही आधी मान वर केली.

एका थिएटरच्या ऑपरेटरने आम्हा दोघांना एकदा मशीनची खोली दाखवली होती. त्यांचा मुलगा आमच्या खालच्या वर्गात होता. अरुंद लोखंडी जिना, वर भट्टीसारखी उष्णता. दोन मशिनं शेजारी शेजारी. आत कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींकडे तोंड करून जळत होत्या, आणि तो उजेड काळ्या काचेतूनच बघायचा, नाहीतर डोळे जातील असा दम मिळाला होता. कांड्या झिजतील तशा त्यांना पुढे सरकवत राहावं लागायचं. "आता पडद्याकडे बघा, उजवा कोपरा, वर," ते म्हणाले. एक ठिपका चमकून गेला. त्यांनी दुसरं मशीन सुरू केलं. काही सेकंदांनी दुसरा ठिपका, खटका, आणि रीळ बदललं. खाली आठशे माणसं बसलेली, एकालाही पत्ता नाही. पडद्यावरचा माणूस बोलता बोलता एका मशीनमधून दुसऱ्यात गेला होता. त्या दिवसानंतर मी कुठलाही सिनेमा बघताना तो ठिपका चुकवला नाही. आता डिजिटलमध्ये तो येत नाही. कोपऱ्याकडे नजर मात्र अजून जाते.

पण त्या रात्री सिनेमाची जी आठवण निघाली ती आम्हा मुलग्यांपैकी कुणाकडेच नव्हती. जिला थिएटरच्या बाजूने चालायची बंदी होती, तिचं घर चाळीत दुसऱ्या मजल्यावर होतं, आणि मागच्या गॅलरीसमोर थिएटरची मागची भिंत. उकाड्यात थिएटरची वरची झडपं उघडी असायची. रोज तिन्ही खेळ तिला ऐकू यायचे. जेवताना, अभ्यास करताना, आईच्या हाताखाली भाकऱ्या भाजताना. एकेक सिनेमा ती आठ-आठ आठवडे ऐकायची. संवाद, गाणी, टाळ्या, शिट्ट्या, कुठे सगळं थिएटर गप्प होतं, तेसुद्धा तिला पाठ होतं. आत एकदाही गेली नव्हती. "चेहरे मी माझे लावले होते," ती सांगत होती. "नायिकेला आपल्या चित्रकलेच्या बाईंचा. खलनायकाला रेशनवाल्याचा. पुढे शनिवारी दूरदर्शनवर तोच मराठी सिनेमा लागला आणि मी शेजाऱ्यांकडे बघायला बसले. ती नायिका बोलायला लागली आणि मला रडू आलं. आवाज ओळखीचा आणि बाई अनोळखी." शेजारच्यांना वाटलं प्रसंगच तसा आहे.

आम्ही गप्प बसलो. मग तिने पेन्सिल घेतली आणि नकाशावर थिएटरच्या मागे, जिथे आम्ही कोरी जागा सोडली होती, तिथे एक छोटी गॅलरी काढली. तिला गज काढले. कपड्यांची दोरीही काढली.

त्यानंतर महिन्याभराने मी तो कागद गुंडाळून घेऊन गिरगावात गेलो. नव्या भुयारी मेट्रोने गेलो. ऑक्टोबर 2025 पासून गिरगावला स्वतःचं स्टेशन आहे. त्या कामासाठी रस्त्यावरच्या काही जुन्या इमारती गेल्या, त्यांच्याखालची दुकानंही गेली. सरकत्या जिन्याने वर येताना मी मनात हिशेब करत होतो, आत्ता आपण कुणाच्या दुकानाखालून चाललो आहोत. वर येऊन कागद उघडला आणि एकेक चौकोन जुळवत चाललो. गिरणीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. बांगड्यांचं दुकान आहे त्या जागी आहे. आत बसलेल्या तरुण मुलीला मी कागद दाखवला. तिने आपल्या दुकानाचा चौकोन शोधला, बराच वेळ बघितला, आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला. "आजीला दाखवते," म्हणाली.

एक जागा मात्र भरायची राहिली आहे. गिरणी आणि इस्त्रीवाला यांच्या मध्ये एक चिंचोळं दुकान होतं, लाकडी फळ्यांच्या दाराचं, दोन पायऱ्या चढून जायचं. पायऱ्या आमच्यातल्या आठ जणांना आठवतात, आणि वरची पायरी मध्ये खोलगट झिजलेली होती हेही. आत काय विकायचे ते अकरांपैकी एकालाही सांगता आलं नाही. कुणी म्हणतं घड्याळजी, कुणी म्हणतं कल्हईवाला.

कागद आम्ही शाळेला दिला आहे. शाळेच्या महोत्सवाच्या तिन्ही दिवशी तो शाळेच्या ग्रंथालयात, मधल्या लांब टेबलावर पसरलेला असेल. बाजूला दोऱ्याने पेन्सिल बांधून ठेवली आहे. आमच्या आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांतल्या ज्यांना त्या दोन पायऱ्या आठवत असतील, त्यांनी तो चौकोन कृपया भरावा.