जाणता माणूस काउंटरवर का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. यंत्रांच्या सुट्या भागांची आमची नवी शाखा सुरू झाल्यापासून हा प्रश्न येतोच: सगळ्यात जाणता माणूस काउंटरवर का बसवलात? बाहेर कारखान्यांत फिरला तर ऑर्डरी आणेल की!

आणेल, यात शंका नाही. पण काउंटरवर जो येतो त्याचं मशीन बहुतेक वेळा बंद पडलेलं असतं. हातात तेलकट, झिजलेलं बेअरिंग, वरचा नंबर अर्धा पुसलेला. आमचे काउंटरवरचे काका ते आधी स्वच्छ पुसतात, मग व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, लावतात. आतला व्यास 25, बाहेरचा 52, जाडी 15 मिलिमीटर, म्हणजे 6205 नंबरचं बेअरिंग. इथवर कुणीही शिकून येईल. खरं काम पुढच्या प्रश्नांत आहे. कुठे बसवायचंय? धूळ उडते का? शाफ्ट तापतो का? धुळीत दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं 2आरएस बरं. शाफ्ट तापून फुगत असेल तर आत जास्त मोकळीक असलेलं सी3. बाहेरची मापं तीच, फक्त नंबरापुढची अक्षरं वेगळी. चुकीचं दिलं तरी ते बसतं, फिरतंसुद्धा, आणि म्हणूनच चूक उशिरा कळते.

पाइप फिटिंगचं याहून अवघड. बीएसपी आणि एनपीटी ही पाइपच्या आट्यांची दोन वेगळी मानकं. अर्ध्या इंचाची बीएसपी घ्या की एनपीटी, दोन्हींत इंचाला 14 आटे. सुरुवातीचे फेरे छान चढतात. पण बीएसपीच्या आट्यांचा कोन 55 अंश, एनपीटीचा 60. टेप कितीही गुंडाळली तरी दाबाखाली त्या जोडाचा भरवसा नाही. अशा वेळी काका जुनी फिटिंग घेऊन या म्हणतात, तोवर माल देत नाहीत. हा नकार मला विक्रीइतकाच मोलाचा वाटतो.

गोडाऊन सांभाळणाऱ्या ताई ग्राहकाला फारशा दिसत नाहीत. ऑइल सील, ओ-रिंग अशा गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या नुसत्या पडून राहिल्या तरी कडक होतात, म्हणून जुना माल आधी बाहेर, हा त्यांचा नियम. बेअरिंगचं पाकीट त्या मोजणीसाठीही फोडू देत नाहीत. एका पुलीवरच्या चार पट्ट्यांपैकी एक तुटला म्हणून कुणी एकच मागितला, तर पूर्ण संच काढून ठेवतात. ताणलेल्या तिघांबरोबर नवा एकटा घातला की सगळा भार त्याच्यावर येतो.

बिलं आणि चलनं बघणारे, माल पोचवणारे, हे दोघंही चोख आहेत.

फिरतीवर आहे तो मुलगा नवा आहे. सकाळी काकांशेजारी बसतो, दुपारी बाहेर पडतो. अडलं की भागाशेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवतो. तो काउंटर एकट्याने सांभाळू लागला की काकांना जरूर बाहेर पाठवू.