आबाजींच्या मिशा आणि स्लॅबवरचं अपलोड

दिग्रसजवळच्या आमच्या गावात मी लग्नाचे फोटो काढतो. अल्बम नागपुरात छापून येतात. आधी पेनड्राइव्ह खिशात घालून मीच एसटीनं जायचो. आता फाइली नेटवरून जातात, म्हणजे बहुधा जातात.

पहिली फजिती शेजारच्या आबाजींच्या तेरवीला झाली. १२ बाय १८ ची फ्रेम हवी होती आणि मी घाईत त्यांचा फोटो व्हॉट्सअॅपवर साधा 'फोटो' म्हणून टाकला. तसा टाकला की तो बारीक होऊन जातो. दहा एमबीचे काहीशे केबी झाले, लांबीला १६०० पिक्सेल उरले. १८ इंचांवर पसरले तर इंचाला नव्वदही नाहीत. चांगल्या छपाईला तीनशे लागतात. मिशांचा नुसता धूर! सून म्हणाली, "भाऊ, हे आबाजीच हायेत ना जी?" चूक माझीच. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला असता तर होता तसा गेला असता.

अख्खं लग्न म्हणजे चारशे फोटो, ४ जीबी. आमच्या स्लॅबवर अपलोडला २ एमबीपीएस मिळतात. त्यातला बी बिटचा, आणि आठ बिटांचा एक बाइट. सेकंदाला अडीचशे केबी पकडा, साडेचार तास झाले. तेवढा वेळ लाइन टिकली तर! झिप करून, म्हणजे फाइली दाबून एकत्र बांधूनही भागत नाही, फोटोची जेपीजी फाइल आधीच दाबलेली असते.

फाइल सलग जात नाही. साधारण दीड हजार बाइटचे तुकडे होतात, प्रत्येकाचा हिशेब असतो. कापूस वेचणीची गाठोडी संध्याकाळी काट्यावर मोजून घेतात, कमी भरलं तर परत माणूस धाडतात, तसंच. पोच आली नाही की तो तुकडा पुन्हा निघतो.

नागपूरच्या लॅबवाल्यानं शेवटी एफटीपीचं, म्हणजे नेटवरून फाइली थेट धाडायच्या पद्धतीचं, खातं दिलं. ही पद्धत १९७१ ची, लिहिणारे अभय भूषण, आयआयटी कानपूरचे. लाइन गेली तरी तुटलं तिथून पुढं चालू करता येतं. माझ्यासाठी एवढंच पुरे.

काल रात्री पुन्हा लाइन गेली. मायनं खालून विचारलं, "काहून जागा हायेस रे?"

"तीनशे दहा गेले, नव्वद राह्यले."

"झोप मंग. सकाळी लावजो."