सोयाबीनच्या दाण्यातलं व्हिटॅमिन ई: खरी मेख प्रमोटरमध्ये

बेळगावकडच्या खानापूर-बैलहोंगलच्या सोयाबीनमध्ये व्हिटॅमिन ई कमी आहे असं नाही. पण कुठल्याही सोयाबीनसारखं त्यातलं साठ-सत्तर टक्के गॅमा टोकोफेरॉल (टोकोफेरॉल म्हणजे व्हिटॅमिन ई; अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा हे त्याचे प्रकार), उरलेलं बहुतेक डेल्टा, आणि अल्फा दहा टक्क्यांच्या आत. आपलं यकृत अल्फालाच धरून ठेवतं, म्हणून गॅमाचा उपयोग त्याच्या जेमतेम एक दशांश.

गॅमाला एक मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) जोडला की अल्फा. ते काम व्हीटीई 4 या जीनचं. तो सोयाबीनमध्ये आहेच, दाण्यात ढिला चालतो एवढंच. मात्र एकटा व्हीटीई 4 वाढवला तर डेल्टाचा बीटा होऊन बसतो, आणि तो अल्फाइतका कामाचा नाही. डेल्टा मुळातच कमी व्हावा म्हणून आधीच्या पायरीवरचा व्हीटीई 3 सोबत लागतो. 2003 मध्ये दोन्ही एकत्र घातल्यावर दाण्यातलं 95 टक्क्यांहून जास्त टोकोफेरॉल अल्फा झालं आणि व्हिटॅमिन ई म्हणून त्याची क्रियाशीलता पाचपट.

आता प्रमोटर, म्हणजे जीन कुठे, कधी आणि किती चालायचा ते ठरवणारा डीएनएचा तुकडा. 35एस हा विषाणूतून घेतलेला नेहमीचा प्रमोटर लावला तर जीन पानात, मुळात, सगळीकडे चालू राहतो. टोमॅटोत कॅरोटीनचा जीन असाच चालवला, तेव्हा जिबरेलिनचा कच्चा माल तिकडे वळला आणि झाडं खुजी राहिली. दाण्यासाठी बीटा-कॉनग्लायसिनिनचा (दाण्यात साठणाऱ्या एका प्रथिनाचा) प्रमोटर बरा. तो दाणा भरतानाच जागा होतो. जीनच्या प्रती जास्त घुसल्या तर झाड त्यांना गप्प करतं, म्हणून पुढच्या पिढीत जीन असलेली आणि नसलेली झाडं 3:1 दाखवणारी ओळ (एका झाडाचा वंश) ठेवा, कारण तिथे जीन एकाच जागी बसलाय; 15:1 वाली सोडा, तिथे तो दोन जागी आहे.

तपासणीसाठी दाण्याचा अंकुराच्या विरुद्ध बाजूचा काप काढा, उरलेला दाणा पेरा. एचपीएलसीला (द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला) साधा सी-18 कॉलम नको: त्यात बीटा आणि गॅमा एकाच शिखरात येतात, आणि आपल्याला तर नेमका बीटाच शोधायचाय. सिलिका कॉलम घ्या, आणि फ्लुरोसन्स मोजताना प्रकाश 290 नॅनोमीटरचा टाका, परत येणारा 330 ला मोजा. तुलनेचं साधं झाड त्याच वाफ्यात हवं. दाणे भरताना पावसानं ओढ दिली, उकाडा वाढला, तर अल्फा आपोआप वाढतं आणि श्रेय जीनला जातं.

जीएम सोयाबीनच्या लागवडीला भारतात परवानगी नाही. बाहेरचा जीन न घालता झाडाच्याच डीएनएत केलेल्या लहान बदलाला, म्हणजे संपादनाला, 2022 पासून सवलत आहे. त्यामुळे सोयाबीनच्याच व्हीटीई 4 चा प्रमोटर संपादित करणं जास्त व्यवहार्य. फक्त, जीन मोडणं सोपं, त्याचा जोर वाढवणं अवघड: प्रमोटरमधली नेमकी कुठली जागा त्याला दाबून धरते, ते आधी सापडायला हवं.