अमूर ससाण्याच्या नकाशावरची रेघ कशी वाचायची

दर नोव्हेंबरात ईशान्येकडून बातमी येते: पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारा टॅग लावलेला अमूर ससाणा, म्हणजे आफ्रिकेला जाणारा छोटा शिकारी पक्षी, निघाला आणि ‘न थांबता’ अमुक दिवसांत सोमालियात पोचला. सोबत नकाशा असतो आणि त्यावर भारत ओलांडून अरबी समुद्रात शिरणारी एक रेघ. मग पक्षी पुण्यावरून गेला की नाशिकवरून, यावर चर्चा रंगते. एवढं बारीक उत्तर त्या रेघेत बहुतेक वेळा नसतंच. का नसतं, ते टॅगच्या वजनापासून सुरू होतं.

नोव्हेंबर 2013 मध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयाजवळ नागा, पांग्ती आणि वोखा या तीन ससाण्यांना लावलेले टॅग पाच ग्रॅमचे, सौरऊर्जेवर चालणारे होते. पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांहून जास्त ओझं लादायचं नाही, हा सर्वसाधारण दंडक. पाच ग्रॅमला तो लावला तर पक्षी किमान 167 ग्रॅमचा हवा. टॅग बांधायच्या फितीचं वजन धरलं तर आणखी जड. अमूर ससाणा साधारण दीडशे ग्रॅमचा, त्यातही नर हलका. नागालँडमध्ये पंख फुटलेल्या वाळवीवर ताव मारून हे पक्षी चरबी साठवतात, त्यामुळे तिथे काटा बरा आकडा दाखवतो. पण समुद्र ओलांडल्यावर ती चरबी उरत नाही, टॅग मात्र तेवढाच राहतो. म्हणून हिशेब चरबी उतरल्यानंतरच्या वजनावर करावा. भरल्या अंगाचं वजन धरणं ही माझ्या मते पळवाट आहे. आता दोन ग्रॅमच्या आसपासचे टॅगही मिळतात, त्यामुळे तिची गरजही उरलेली नाही.

टॅग पाठीवर बसतो तो टेफ्लॉनच्या फितीने, दप्तरासारखा. फीत घट्ट असेल तर छातीच्या स्नायूंना घासते आणि जखम होते. सैल असेल तर पक्ष्याची चोच किंवा पाय तिच्यात अडकतो. फितीची टोकं छातीवर सुती दोऱ्याने शिवली, तर दोरा कालांतराने कुजतो आणि टॅग आपोआप गळून पडतो. टॅगखाली फोमची पातळ गादी द्यावी लागते. ती नसेल तर पाठीची पिसं सौरपट्टीवर येतात आणि बॅटरी भरेनाशी होते. गादी फार जाड झाली तर उडताना हवेचा विरोध वाढतो.

आता ठिकाण कसं कळतं ते. अशा हलक्या टॅगमध्ये अनेकदा जीपीएस नसतं. टॅग साधारण दर मिनिटाला 401.65 मेगाहर्ट्झच्या आसपास एक छोटा संदेश सोडतो. शेकडो किलोमीटर उंचीवरून जाणारा आर्गोस यंत्रणेचा उपग्रह तो ऐकतो. गाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढा आणि लांब जाताना उतरता लागतो, तसाच या संदेशाच्या वारंवारतेत फरक पडतो आणि त्यावरून जागा काढली जाते. उपग्रह डोक्यावर असतो जेमतेम दहा मिनिटं. तेवढ्यात चार किंवा जास्त संदेश मिळाले तर त्या जागेच्या नकाशावरच्या ठिपक्याला 3, 2, 1 किंवा 0 असा दर्जा मिळतो. 3 म्हणजे चूक अडीचशे मीटरच्या आत, 2 म्हणजे पाचशेपर्यंत, 1 म्हणजे दीड किलोमीटरपर्यंत, 0 म्हणजे त्याहून जास्त. तीनच संदेश मिळाले तर ए, दोनच मिळाले तर बी. चूक किती असेल, हे या दोन दर्जांवरून कळत नाही.

यात दोन गोम आहेत. एक, हे गणित टॅग स्थिर आहे असं धरून चालतं. ससाणा वेगाने उडत असेल तर ठिपका सरकतो. दुसरी, प्रत्येक गणिताला दोन उत्तरं निघतात, उपग्रहाच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना एकेक. चुकीचं निवडलं गेलं की सोमालियातला पक्षी अचानक भर समुद्रात जाऊन परत आल्यासारखा दिसतो. असा सुळका दिसला की आधी आधीच्या-नंतरच्या ठिपक्यांमधला वेग काढून बघा. ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर गेला तर मी तरी तो ठिपका सरळ बाद करतो. मूव्हबँक या प्राण्यांच्या प्रवासाच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर असे ठिपके गाळायला डग्लस फिल्टर तयार आहे.

सगळ्यात मोठी भानगड मात्र बॅटरीची. पाच ग्रॅमचा टॅग सहसा दहा तास चालू आणि अठ्ठेचाळीस तास बंद असा लावतात. वारा पाठीशी असताना ससाणा ताशी 40-45 किलोमीटरने जातो, म्हणजे बंद काळात दोन हजार किलोमीटर सहज. नागालँडपासून कोकण किनारा सरळ रेषेत सव्वादोन-अडीच हजार. जवळजवळ अख्खा भारत दोन ठिपक्यांच्या मध्ये गडप होऊ शकतो! पुणे की नाशिक हे मग संगणकाने जोडलेल्या सरळ रेघेवरून ठरवण्यात अर्थ नाही. समुद्रावर ‘न थांबता’ हा शब्द चालतो, कारण ससाणा पाण्यावर बसत नाही. जमिनीवर तो शब्द वापरण्याआधी ठिपक्यांच्या वेळा बघाव्यात. लोणावळ्याच्या पठारांवर नोव्हेंबर-डिसेंबरात हे ससाणे दिसतात. अशी तारीख-वेळेची साधी नोंद ती रिकामी जागा भरायला रेघेपेक्षा कामाची.

एकूण अंतराचंही तसंच. उडतानाचं अंतर कमी मोजलं जातं, कारण वळणं निसटतात. बसलेल्या पक्ष्याचं मात्र जास्त मोजलं जातं: बी दर्जाचे विखुरलेले ठिपके जोडत गेलात तर झाडावर झोपलेला ससाणाही रात्रीत कित्येक किलोमीटर ‘उडतो’.

ठिपके थांबले म्हणजे पक्षी मेला, असंही नाही. टॅग बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज), तापमान आणि हालचालीचा आकडा पाठवतो. दाब हळूहळू उतरत गेला असेल तर सौरपट्टी झाकली गेली असण्याची शक्यता जास्त. दाब चांगला, पण हालचालीचा आकडा गोठलेला आणि तापमान दिवसरात्रीच्या हवेबरोबर वरखाली होतंय, तर टॅग जमिनीवर पडलाय, पक्ष्यासकट किंवा पक्ष्याविना. सगळं ठीक असताना एकदम शांतता झाली तर अँटेना तुटली, यंत्र बिघडलं किंवा शिकार झाली. 2018 मध्ये टॅग लावलेला ‘मणिपूर’ नावाचा ससाणा तर तामेंगलाँगमधून निघण्याआधीच मारला गेला.

ठाणे खाडीतल्या रोहितांना (फ्लेमिंगोंना) बीएनएचएस म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने 2022 मध्ये लावलेले टॅग वेगळ्या जातीचे, जीपीएस-जीएसएम. जीपीएस असल्याने ठिपका काही मीटरांपर्यंत नेमका. पण माहिती मोबाइल टॉवरमधून येते. रेंज नसली की ती टॅगमध्येच साठून राहते आणि पक्षी रेंजमध्ये आला की एकदम येते. मोठ्या पक्ष्याला हे परवडतं. अरबी समुद्र ओलांडणाऱ्या ससाण्यावर लावलं तर समुद्रावरचे ठिपके आफ्रिकेत टॉवर सापडेपर्यंत हाती येणार नाहीत, आणि पक्षी वाटेत बुडाला तर कधीच नाहीत.

परतीचे ससाणे एप्रिल-मेमध्ये येतात. टॅगवाला पक्षी मेलेला किंवा जखमी सापडला तर फीत कापू नका. टॅगवरचा क्रमांक, जागा आणि वेळ यांचा फोटो काढा आणि वनविभागाला कळवा. टॅग सुटा सापडला तर लोखंडी कपाटात ठेवू नका. सौरपट्टी वर करून उन्हात ठेवा, म्हणजे तो संदेश पाठवत राहील.