1940 ची बॅच

अकरा वाजले. लाइट आत्ता आली. गजाचं वाक्य काही डोक्यातून जाईना.

ऑफ तास होता म्हणून नववीला माझं ते ठेवणीतलं व्यंगचित्र दाखवलं. विल डायसनचं, मे 1919 मधलं, लंडनच्या 'डेली हेराल्ड'मधलं. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाच्या बैठकीतून अमेरिकेचा विल्सन, ब्रिटनचा लॉइड जॉर्ज, इटलीचा ऑर्लांडो अशी बडी मंडळी बाहेर पडतायत आणि 'वाघ' म्हणवणारा फ्रान्सचा क्लेमांसो म्हणतोय, नवलच, कुठं तरी लेकरू रडल्यासारखं वाटतंय. खांबाआड एक नागडं पोर रडतंय. त्याच्यावर लिहिलंय '1940 क्लास'. म्हणजे 1940 साली जी पोरं सैन्यात जायच्या वयाची होतील, ती तुकडी. तहावर अजून सह्याही व्हायच्या होत्या, त्या 28 जूनला झाल्या.

एवढं सांगून मी थांबतो. इथं वर्ग गप्प होतो, दरवर्षी होतो. खरं तर त्या गप्प होण्याची मी वाटच बघत असतो.

मागून गजा म्हणाला, "सर, मग रडायलंय कशामुळं ते? भरती तर झाली नं त्याची."

वर्ग फुटला. मीपण हसलो.

कुणासाठी जपायची ही कात्रणं? मागच्या आठवड्यात 'पंच'मधलं राष्ट्रसंघाच्या पुलाचं दाखवलं, डिसेंबर 1919 चं. पुलाचा मधला दगडच बसवलेला नाही आणि अंकल सॅम, म्हणजे अमेरिका, त्याच दगडाला रेलून निवांत बसलाय. तर प्रश्न आला, "ठेकेदार कोण होता, सर?" सुधा फाइलला रद्दी म्हणते ते उगीच नाही. आजीनं 1948 च्या, निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनचं एवढंच सांगितलं होतं, की तिला कणगीत दडवलं होतं. खांबाआडचं पोर बघितलं की मला ती कणगी... जाऊ दे.

पण मी हसलो का?

गजा हसत नव्हता. पहाटे दुधाला जातो तेव्हा जिंतूर रोडला तो दिसतो, सोळाशे मीटर मारत. हातात मोबाइल, टायमिंगला. बूट थोरल्या भावाचे, पुढं कागदाचा बोळा कोंबलेला. तो भाऊ दोनदा भरतीच्या मैदानातच बाद झाला. ज्या घरात असं आहे, तिथला पोरगा विचारतो की बॅच लागल्यावर रडायचं कशाला, आणि मी मास्तर असून दात काढतो.

तास सुटल्यावर त्याला मुद्दाम थांबवलं. म्हटलं, डायसन नुसता घरी बसून चित्रं काढणारा नव्हता. 1917 मध्ये आघाडीवर चित्रं काढताना दोनदा जखमी झाला. 1939 ला दुसरं महायुद्ध पेटलं, ते बघायला मात्र तो राहिला नाही, 1938 च्या जानेवारीतच गेला.

गजानं मनात हिशेब केला. "म्हंजी एका वर्षानं चुकला का?"

"हो."

"बरोबरच हाय की मग." थोडं थांबून म्हणाला, "सर, तवा उंची किती लागायची?"

बघून सांगतो म्हणालो.

लाइट आल्यापासून तेच शोधतोय. फाइल तशीच उघडी पडलीय. सकाळी दुधाला जिंतूर रोडनं जावं की मागच्या गल्लीतून, ते अजून ठरत नाही.