सातशे सत्तर वजा दोनशे ऐंशी

उन्हाळ्यात आमच्याकडे येणारा माणूस गाडीतून उतरता उतरताच रोगाचं नाव सांगतो. "थोडा गॅस कमी झालाय, तेवढा टाकून द्या." गाडी बंद करायच्या आधी निदान, उतरायच्या आधी औषध! गाड्यांच्या एसीच्या कामात इतकी वर्षं गेली तरी या वाक्याचा मला राग येतो, आणि राग आला की माझं लक्ष कामावरून उडतं. त्या दिवशी नेमकं तेच झालं.

दुपारी अडीचच्या सुमाराला एक काका आले. चारही काचा खाली, शर्ट पाठीला चिकटलेला. हातात शाळेच्या पोराची असते तसली एक वही. मी मनात म्हटलं, आता गॅस कमी झालाय म्हणतील. पण ते म्हणाले, "दादा, मी घरीच गॅस भरला. आता आधीपेक्षा वाईट झालंय."

दुकानात गॅसचे छोटे कॅन मिळतात. सोबत एक नळी आणि त्या नळीवर एक रंगीत गेज असतं. पैसे वाचवावेत म्हणून काकांनी ते आणले होते. त्यात चूक काही नाही. मीही घरचा नळ स्वतःच दुरुस्त करतो. पण त्या क्षणी मी हा समजूतदारपणा दाखवला नाही. "भरलात कसा? किती भरलात? आधीचा गेला कुठे ते बघितलंत का?" असे तीन प्रश्न एका दमात विचारले. एसीची प्रणाली बंद असते. पेट्रोलसारखा गॅस जळून संपत नाही. तो कमी झाला तर कुठून तरी गळलाच असणार, आणि गळती न शोधता वरून ओतत राहणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणं.

काका शांतपणे म्हणाले, "कॅन डिकीत आहेत. आणू का?"

हे ऐकून मी जरा सावध झालो. बाजारातल्या काही कॅनमध्ये गॅससोबत गळती बुजवणारं द्रव्य घातलेलं असतं. ओलावा लागला की ते घट्ट होतं. बाहेरची हवा लागून गळतीच्या तोंडाशी त्याने घट्ट व्हावं, अशी त्यामागची कल्पना. पण आत ओलावा असेल तर ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे गॅस मोजून सोडणाऱ्या बारीक झडपेतही घट्ट होतं, आणि गॅस बाहेर काढताना माझ्या रिकव्हरी मशीनच्या पोटातही. त्या मशीनवर माझं घर चालतं. म्हणून अशा गाडीला मी आधी मशीन लावतच नाही.

पिशवीतून तीन कॅन निघाले. दोन उघडलेले, साधे. तिसऱ्यावर बारीक अक्षरात तेच लिहिलेलं, गळती बुजवणारं. मी कपाळाला हात लावणार तेवढ्यात लक्षात आलं की त्याचं सील शाबूत आहे.

"हा नाही वापरला," काका म्हणाले. "त्यावर लिहिलंय की ओलाव्याने घट्ट होतं. मी म्हटलं, आत ओलावा आहे की नाही हे मला कुठे माहीत? मग राहू दिला."

मला बोलायला काही उरलं नाही. तरी तपासणीचं छोटं उपकरण लावून तीन मिनिटं वाट पाहिली, गॅसची शुद्धताही तपासली. साधा आर-१३४ए, म्हणजे एसीचा नेहमीचा गॅस, भेसळ नाही, बुजवणारं द्रव्य नाही.

मग दाब बघायला गेज लावले, एक लो साइडला म्हणजे कमी दाबाच्या बाजूला, दुसरं हाय साइडला म्हणजे जास्त दाबाच्या. इंजिन बंद असताना दोन्ही सुया ११० पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास होत्या. काकांनी लगेच वहीत टिपलं आणि विचारलं, "म्हणजे भरपूर आहे ना?" त्यावरून काहीच कळत नाही. बाहेर ३४ अंश होते, आणि त्या तापमानाला हा गॅस एवढाच दाब दाखवणार, आत २०० ग्रॅम असो नाहीतर ८००. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब ठरतो तो तापमानावरून, वजनावरून नाही. नुसती सुई बघून "गॅस फुल आहे" म्हणणारे आमच्या धंद्यातही आहेत, त्यामुळे काकांना हसायचा मला हक्क नव्हता.

बॉनेटखालून पंख्याचा आवाज येत होता. इंजिन सुरू करून एसी लावला. लो साइडची सुई ६० वर. इतकी वर नको. हाय साइड मात्र चढतच गेली. ३००, ३५०, ४०० च्या पुढे, आणि टक! गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचा क्लच सुटला. दाब फार वाढला की कॉम्प्रेसर वाचावा म्हणून स्विच तो बंद करतो. सुई खाली आली, क्लच पुन्हा टक करून लागला आणि पुन्हा तोच खेळ. काका म्हणाले, "हाच आवाज. हा यायला लागला तेव्हा मी भरायचं थांबवलं."

गॅस जास्त झाला होता हे उघड होतं. जादा गॅस द्रव होऊन कंडेन्सरमध्ये, म्हणजे रेडिएटरसारख्या पुढच्या भागात साठतो, उष्णता बाहेर टाकायला तिथे जागाच उरत नाही, दाब चढतो आणि थंडावा उलट कमी होतो. जास्त गॅस म्हणजे जास्त गार, हा समज काही केल्या जात नाही.

"थोडा घरीच सोडून देणार होतो," काका म्हणाले, "व्हॉल्व्हची पिन दाबून." नशीब, दाबली नाही. हा गॅस उणे २६ अंशाला उकळतो. फवारा बोटावर आला की कातडी तिथेच गोठते. शिवाय वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट भारी आहे, म्हणून तो हवेत न सोडता मशीनने ओढून घ्यायचा असतो. काका गॉगल आणि हातमोजे घालून भरत होते हे ऐकून मात्र बरं वाटलं. कॅनची नळी हाय साइडला बसत नाही, दोन्ही तोंडांचे माप मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, एक १३ मिलिमीटर आणि दुसरं १६. तरी कुठून तरी जोड मिळवून ती हाय साइडला लावणारे महाभाग असतात. मग गाडीतला दाब कॅनमध्ये शिरतो आणि कॅन हातात फुटतो.

मशीन लावून गॅस ओढून घेतला. काट्यावर आकडा आला ७७० ग्रॅम. बॉनेटखालच्या पट्टीवर कंपनीने ५०० लिहिलं होतं.

"दोनशे सत्तर जास्त," मी म्हटलं. थोड्या तोऱ्यातच.

काकांनी वहीची पानं मागे उलटली. "मी भरलेले दोनशे ऐंशी."

"अंदाजे ना?"

"नाही. गॅस भरण्याआधी आणि नंतर कॅनचं वजन केलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर. पहिल्यातून १७०, दुसऱ्यातून ११०."

मी थांबलो. सातशे सत्तर वजा दोनशे ऐंशी म्हणजे चारशे नव्वद. थोडा गॅस तेलात विरघळून मागे राहतो, नळ्यांतही राहतो, काट्यातही थोडं इकडेतिकडे होतं. हे सगळं धरलं तर चारशे नव्वद म्हणजे पाचशेच.

म्हणजे काकांनी पहिला कॅन लावला तेव्हा गाडीत गॅस पुरेपूर होता. एक ग्रॅमही गेला नव्हता. आणि भोक पडलेल्या बादलीवरचं माझं भाषण? या गाडीत बादलीला भोकच नव्हतं.

"मग तुम्हाला गॅस कमी आहे असं वाटलं कशावरून?" या वेळी मी खरंच विचारलं.

वहीत होतंच. पहाटे साडेसहा, हवा गार, गेजची सुई हिरव्या पट्ट्याच्या खाली. त्या कॅनच्या गेजवर एक फिरती चकती असते, बाहेरचं तापमान बघून ती लावायची. काकांनी आदल्या दिवशी दुपारी ती ३५ वर लावली होती आणि पहाटे बदलायची राहिली. गार हवेत लो साइडचा दाब आपसूक कमी असतो. सुईने खोटं सांगितलं नव्हतं, फक्त तिला कालच्या दुपारचा प्रश्न विचारला गेला होता. आणि भरताना सुई फारशी हललीही नाही, कारण आत किती सोडायचं ते एक्स्पान्शन व्हॉल्व्ह ठरवतो. जादा गॅस जमतो पलीकडे, हाय साइडला, आणि त्या बाजूचं गेज कॅनवर नसतंच. अर्धा दरवाजा उघडून अर्धं घर बघण्यातली गत.

आता प्रश्न उरला मूळचा. गॅस पुरेसा होता, तर थंडावा का नव्हता?

प्रणाली रिकामी होती, म्हणून आतली हवा उपसणारा व्हॅक्यूम पंप लावला. कॅनच्या नळीतून थोडी हवा आत गेलेलीच असते, आणि हवेबरोबर ओलावा. पंपाने दाब इतका खाली नेला की आतलं पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि बाहेर पडतं. म्हणून पाच मिनिटांत पंप काढून घेणाऱ्याचं काम मला पटत नाही. मी पाऊण तास ठेवतो. पाऊण तास म्हणजे रिकामा वेळ. काकांनी वही माझ्या हातात दिली आणि मी ती पहिल्या पानापासून वाचायला बसलो. हे मी अडीच वाजताच करायला हवं होतं.

पहिल्याच पानावर, कॅन आणायच्या आठ दिवस आधीची नोंद होती: "हायवेला छान गार. सिग्नलला थांबलो की दोन मिनिटांत गरम वारा. निघालो की पुन्हा गार."

एसीवाल्या कुणालाही ही ओळ दाखवा, तो वही मिटून सरळ पंख्याकडे जाईल. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा कंडेन्सर गार ठेवतो. थांबली की सगळी भिस्त पंख्यावर. पंखा नसेल तर आतली उष्णता बाहेर जाणार कशी? दाब चढतो आणि आत गरम वारा. यात गॅसचा काही संबंधच नाही.

पण मी तर पंख्याचा आवाज ऐकला होता. मी उठलो, बॉनेटमध्ये वाकलो आणि रेडिएटरच्या मागे बघितलं. पंखे दोन होते. दोन! डावा फिरत होता तेव्हा मी तो ऐकला आणि मनात पंखा या नावापुढे बरोबरची खूण करून टाकली. उजव्याकडे बघितलंच नाही. समोर उभं राहून कंडेन्सरच्या दोन्ही बाजूंना हात धरला असता तरी कळलं असतं. माणसाला गॅसवरून झापायच्या नादात राहून गेलं.

उजव्या पंख्याचा प्लग काढला, बॅटरीवरून थेट वायर दिली. गप्प. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटारला हलकेच दोन टोले दिले आणि पंखा गरगर फिरायला लागला. वायर काढून पुन्हा दिली, पुन्हा गप्प. मोटारला आत वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले होते. टोल्याने जागेवर येऊन तेवढ्यापुरते टेकत होते, इतकंच.

काका म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच."

"हे मला घरी करता आलं असतं."

आलंच असतं. प्लग, चार बोल्ट, पंखा खाली ओढून काढायचा, नवा बसवायचा. ना गॅसला हात लावायचा, ना मशीन लागत. पैसे वाचवायला निघालेल्या माणसाच्या हातचं काम होतं ते, आणि नेमकं तेवढंच त्याने केलं नव्हतं. त्याच्याच वहीत ते लिहिलेलं होतं. मी मात्र त्याला दोन तास गॅसचे धडे देत होतो. एक पोरगा असतो माझ्या हाताखाली, तो पलीकडे तोंड फिरवून हसत होता. हसू दिलं.

नवी मोटार यायला तासभर लागला. तेवढ्यात व्हॅक्यूम झाला, पंप बंद करून वीस मिनिटं सुईवर नजर ठेवली, ती तसूभरही हलली नाही. गळती नव्हती याची आता कागदावरची नव्हे, डोळ्यांनी खात्री झाली. मोटार आल्यावर मी पाना काकांच्या हातात दिला. त्यांना जरा आश्चर्य वाटलं. "बॅटरीची वायर आधी काढा," एवढंच सांगितलं आणि बाजूला उभा राहिलो. एक बोल्ट अवघड जागी होता, त्यात पंधरा मिनिटं गेली. बोटाचं साल निघालं. मदत मागितली नाही आणि मीही पुढे झालो नाही. पंखा फिरला तेव्हा त्यांनी दोन्हींसमोर एकेक हात धरून बघितला.

मग मी काट्यावर मोजून ५०० ग्रॅम भरला. गाडी जागेवरच उभी, इंजिन सुरू, एसी पूर्ण. लो साइड ३८, हाय साइड २१५ वर येऊन थांबली आणि तिथेच राहिली. टक-टक नाही. दहा मिनिटांनी जाळीतला थर्मामीटर ८ अंश दाखवत होता. काका काचा वर करून आत बसले आणि बराच वेळ उतरलेच नाहीत. मी काचेवर टकटक केली तेव्हा ते वहीत लिहीत होते.

मजुरी मी फक्त गॅस काढून पुन्हा भरण्याची लावली. पंख्याची त्यांनीच कमावली होती, आणि निदानाची घ्यायला मला लाज वाटली.

निघताना ते डिकीकडे गेले आणि तिसरा, सीलबंद कॅन उचलला. "याचं काय करू?"

"दुकानदार परत घेतो का बघा," मी म्हटलं. "पावती असेल तर."

काकांनी वहीचं शेवटचं पान उघडलं. पावती तिथे टाचणीने लावलेली होती.