फ्रेंडशिपची वारी: ठासणीच्या रायफलीचे दुर्मीळ भाग कुठे आणि कसे शोधावेत

अठराव्या शतकातल्या पेनसिल्व्हेनियाच्या घाटाची ठासणीची रायफल स्वतःच्या हाताने बांधायची म्हटली की लोक आधी नळी आणि लॉक (ठिणगी पाडून बार उडवणारं यंत्र) यांची चौकशी करतात. दोन्ही महाग, पण मिळतात. ऑर्डर द्या, पैसे भरा, वाट बघा. घोडं अडतं ते बारक्या वस्तूंपाशी. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या जुन्या रायफलींना असते तशी रुंद पितळी बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी), तिच्याच घराण्यातला ट्रिगर गार्ड (चापाभोवतीचं कडं), गज, म्हणजे दारू-गोळी ठासायची काठी, ज्यातून जातो ती पन्हाळीची नळकांडी, उजव्या हाताच्या लॉकांच्या गर्दीत एखादं डावखुऱ्याचं लॉक. संकेतस्थळांवर यांच्यापुढे ‘शिल्लक नाही’ची पाटी महिनोन्‌महिने हलत नाही. एका दुकानाने तर माझे पैसे घेऊन इतका काळ ताटकळत ठेवलं की आपण नक्की काय मागवलं होतं, तेच मला आठवेना. शेवटी जूनमध्ये गाडी काढली आणि अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप या गावी, ठासणीच्या बंदुकांच्या सामन्यांना आणि तिथल्या बाजाराला गेलो.

मागणी नाही म्हणून माल नाही, असा अनेकांचा समज असतो. खरं कारण वेगळं आहे. हे भाग बनवणारे बहुतेक एकांडे कारागीर. मूळ जुन्या रायफलीच्या भागावरून नमुना करायचा, वाळूच्या साच्यात पितळ ओतायचं, पोलाद असेल तर मेणाच्या पद्धतीने ओतून घ्यायचं. तो माणूस थकला की नमुने खोक्यात जातात. मुलांना त्यात रस नसला तर खोकं लिलावात जातं आणि घेणाऱ्याच्या गॅरेजमध्ये पडून राहतं. वस्तू जगात असते, फक्त कुठल्या यादीत नसते. म्हणून प्रत्यक्ष जावं लागतं.

आणि ही टंचाई आजची नाही. लँकेस्टर, रेडिंगकडचे जुने बंदूककार सगळं स्वतः घडवत असत, ही समजूत गोड आहे, पण खोटी. लॉक बहुतेक वेळा इंग्लंड-जर्मनीहून आलेली असत आणि व्यापाऱ्याकडून डझनावारी घेतली जात. ऑक्टोबर १७७४ मध्ये ब्रिटिश सरकारने वसाहतींकडे शस्त्रं आणि दारू पाठवायला बंदी घातली, तेव्हा या लोकांचीही पंचाईत झाली. मोडक्या बंदुकीचं लॉक काढून नव्या दस्त्यात (बंदुकीच्या लाकडी अंगात) बसवणं हा तर नेहमीचा धंदा. त्यामुळे टेबलाखालच्या खोक्यात हात घालून जुनं लॉक उपसताना मला अजिबात कमीपणा वाटत नाही.

आता जायचं कसं ते. फ्रेंडशिप हे रिपली काउंटीतलं, लाफरी क्रीकच्या काठचं अगदी छोटं गाव. सिनसिनाटीहून पश्चिमेला साधारण तासाभराची गाडी. हायवे ५० ने ऑरोरा, डिल्सबरो आणि तिथून राज्य मार्ग ६२. शेवटचा टप्पा वळणावळणाचा आहे. फोनला दरीत रेंज मिळेलच असं नाही, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा. १९३३ साली स्थापन झालेल्या नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचं वॉल्टर क्लाइन रेंज इथेच आहे. जून आणि सप्टेंबर, असे वर्षातून दोनदा राष्ट्रीय सामने भरतात. तारखा दरवर्षी असोसिएशनकडे बघून घ्या. मुक्कामाला व्हर्सेल्स, बेट्सव्हिल किंवा लॉरेन्सबर्ग. तंबू टाकायची हौस असेल तर व्हर्सेल्सचं स्टेट पार्क जवळ आहे, पण सामन्यांच्या दिवसांत जागा आधीच धरावी लागते.

आत शिरल्यावर नेमबाजी बघत रेंगाळायचा मोह होतो. काळ्या दारूचा धूर, सडक्या अंड्याचा वास, हरणाच्या कातड्याचे कपडे घातलेली मंडळी. ते दुपारी बघा. कानात बोळे घाला. सकाळी मात्र सरळ व्यापाऱ्यांच्या रांगेत जायचं. पहिल्या शनिवारी लवकर पोचलात तर निवड मिळते. शेवटी शेवटी भाव उतरतात, पण तोवर चांगलं उरत नाही.

बरोबर काय न्यायचं? नळी आधीच घेतली असेल तर तिची मापं लिहून न्या. या रायफलींची चांगली नळी सरळसोट नसते. ती मागे जाड, मध्ये बारीक आणि तोंडाशी परत किंचित फुगीर असते. त्यामुळे ‘अमुक इंची अष्टकोनी’ एवढं सांगून भाग जुळत नाहीत, कुठल्या जागी किती माप ते सांगावं लागतं. दस्त्याची बाजूची आकृती पुठ्ठ्यावर कापून न्या. बटप्लेट थेट त्यावर ठेवून बघता येते. व्हर्नियर, छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि एक लोहचुंबक खिशात असू द्या, कारण पितळी मुलामा दिलेलं लोखंड पितळ म्हणून खपवणारे इथेही भेटतात. आणि रोख पैसे. कार्ड चालतं म्हणणाऱ्याचंही यंत्र रेंजअभावी चालेलच असं नाही.

लॉक बघताना घाई नको. मला हवं होतं ते जर्मन वळणाचं, ज्याला सगळे ‘सायलर’ म्हणून ओळखतात. एका टेबलामागच्या आजोबांकडे तसं एक जुनं, न वापरलेलं होतं. विचारल्याशिवाय घोडा ओढायचा नाही, हा तिथला शिष्टाचार आहे. चकमक न लावता घोडा सोडणं तर त्याहून वाईट. आजोबांनी मान हलवल्यावर अंगठ्याने घोडा हळू मागे घेतला. अर्ध्या खटक्यावर, म्हणजे बार उडू नये म्हणून ठेवलेल्या जागी, थांबला. तिथे सिअर, म्हणजे चापाने हलणारी खीळ, दाबून बघितली, घोडा हलला नाही. मग पूर्ण खटका. लॉक उलटं करून घोड्याबरोबर आत फिरणारा टम्बलर डुगडुगतो का, मुख्य स्प्रिंग प्लेटला घासल्याची खूण आहे का ते पाहिलं. फ्रिझन (चकमक ज्यावर आदळते ती पोलादी पट्टी) मिटवून उजेडासमोर धरलं, पाळं (रंजकाची, म्हणजे पेटवणीची दारू ठेवायची वाटी) आणि फ्रिझन यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली नाही. फ्रिझनच्या कडेला कानस हलकेच लावली तर ती घसरली. म्हणजे पोलाद कडक आहे.

“आता सावलीत चल,” आजोबा म्हणाले. त्यांनी चकमक लावली आणि घोडा सोडला. ठिणग्या नुसत्या उडून चालत नाही, त्या पाळ्यात पडायला हव्यात. चकमक फ्रिझनच्या वरच्या भागात आदळून खाली खरवडत आली तर हे नीट जमतं. या लॉकात जमलं. घेणार म्हणताच आजोबांनी स्वतःहून टम्बलरमधली ‘फ्लाय’ दाखवली. तांदळाच्या दाण्याएवढी पोलादी जीभ. तुम्ही दोन चापांचा सेट ट्रिगर बसवणार असाल तर ती हवीच, नाहीतर सुटलेला घोडा अर्ध्या खटक्यात अडकतो. लॉक साफ करताना ती गवतात पडते आणि मग विकणाऱ्याला पत्ताही नसतो. जुनं लॉक घेताना ती आहे का, हे आवर्जून बघा.

रुंद बटप्लेट मिळाली ती मात्र टेबलावर नव्हतीच. मी पुठ्ठा काढून दाखवला, तेव्हा शेजारच्या स्टॉलवरच्या काकू उठल्या, गाडीच्या डिकीतून कॉफीचा डबा काढला आणि माझ्यापुढे उपडा केला. नवऱ्याने ओतलेले भाग, धार न काढलेले, वाळूचे कण अजून चिकटलेले. त्यात दोन बटप्लेटा माझ्या आकाराच्या निघाल्या. एकीला आतून बुडबुड्याचं भोक होतं. ओतीव भाग आतल्या बाजूने बघा, वरून कोणीही घासून चकचकीत करतो.

लाकूड इथे बघून घ्यावं, हे माझं ठाम मत. फोटोत प्रत्येक मेपलची फळी सुंदरच दिसते. लहरी असलेलं मेपल, साधारण अडीच इंच जाड आणि पाच फूट लांब. लहरींना भुलू नका, आधी रेषा बघा. दस्त्याची मान, म्हणजे हाताची मूठ बसते तो भाग, सगळ्यात बारीक असतो. तिथे लाकडाच्या रेषा मानेच्या लांबीने जायला हव्यात. आडव्या छेदून गेल्या तर पहिल्या पडण्यात दस्ता दोन तुकडे. फळी ओल्या फडक्याने पुसली की लहरी आणि लपलेली भेगही दिसते. वजनही हातात घेऊन बघा. शुगर मेपल जड आणि टणक असतं, रेड मेपल हलकं आणि मऊ, त्यावर कोरीव काम नीट उठत नाही. टोकांना मेण किंवा रंग लावलाय का आणि किती वर्षं वाळलंय, हेही विचारा. गाडीची मागची सीट दुमडली की फळी बसते.

रस्त्यापलीकडे त्याच दिवसांत जुना बाजार भरतो. तिथे जरूर फिरा, पण डोळे उघडे ठेवून. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या स्पॅनिश किटांचे भाग ढिगाने असतात. स्वस्त आहेत, पण पेनसिल्व्हेनियाच्या घाटाशी त्यांचं काही जुळत नाही. भारतात बनलेल्या ब्राउन बेसच्या, म्हणजे जुन्या ब्रिटिश फौजी बंदुकीच्या, प्रतिकृतीही दिसल्या. काही तर रंजकाचं भोक न पाडताच विकतात. गावची वस्तू म्हणून जरा भरून आलं, पण त्या हाताने घडवलेल्या असतात, एकीचा भाग दुसरीलाही बसत नाही, मग आपल्या रायफलीला कुठला बसणार!

या बाजारात जुनी बंदूक उचललीत तर ती भरलेलीच आहे असं समजा. शंभर वर्षं माळ्यावर पडलेल्या ठासणीच्या बंदुकीत दारू-गोळी जशीच्या तशी सापडते. गज आत सोडा, तोंडाशी खूण करा आणि बाहेरून नळीशेजारी धरून बघा. गज रंजकाच्या भोकापर्यंत पोचत नसेल तर खाली ठेवा आणि मालकाला सांगा. जुनी नळी नव्या रायफलीत वापरायचा विचारही जाणकाराने तपासल्याशिवाय करू नका.

जून-सप्टेंबर जमत नसेल तर ऑगस्टमध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला कंटेम्पररी लाँगरायफल असोसिएशनचं प्रदर्शन असतं. तिथे भाग कमी, पण कारागीर भेटतात आणि कोणाकडे कसले नमुने पडून आहेत ते कळतं. टपालाने मागवायचं तर मिनेसोटातलं ट्रॅक ऑफ द वुल्फ आणि टेनेसीच्या युनियन सिटीतलं, १९५४ पासूनचं डिक्सी गन वर्क्स ही नेहमीची नावं. डोकेफोड नको असेल तर ओहायोतल्या किब्लरचं किट घ्या. संगणकाच्या यंत्रावर कापलेलं असतं आणि भाग जागच्या जागी बसतात. काही जुनेजाणते त्याला नाक मुरडतात. माझ्या मते पहिली रायफल किटमधूनच करावी, म्हणजे दुसरीसाठी भाग शोधताना काय शोधतोय ते तरी कळतं. आणि पॅचबॉक्स (दस्त्यातल्या कप्प्याचं झाकण), साइडप्लेट (लॉकच्या उलट बाजूची पट्टी) यांच्यामागे धावू नका. पितळी पत्रा आणा आणि करवतीने कापा, जुने लोकही तेच करत.

कायद्याचं थोडं. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात अशा ठासणीच्या बंदुका ‘अँटिक’मध्ये धरतात, म्हणून भाग टपालाने येऊ शकतात. पण राज्यांचे नियम निराळे आहेत, आपल्या राज्याचा बघून घ्या. व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा. दारूचे नियम बंदुकीपेक्षाही वेगळे आहेत. विमानात काळी दारू आणि टोप्या (बार पेटवायच्या टिकल्या) कुठल्याच सामानात चालत नाहीत, नळी किंवा लॉक हातातल्या बॅगेत चालत नाही. म्हणून गाडीनेच या.

भारतात यातलं काहीही नेऊ नका. कुडाळकडे आमच्या नात्यात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. माकडं आणि रानडुकरांसाठी घेतलेली, आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होणारी. तिच्यासाठी एक चांगली स्प्रिंग घेऊन ये, असा काकांचा निरोप होता. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रातच मोडतात, परवान्याशिवाय आणता येत नाहीत. काकांना तसं कळवलं. त्यांनी सावंतवाडीतल्या माणसाकडून बनवून घेतो म्हटलं.

माझं गजाचं पुढचं नळकांडं अजून मिळालेलं नाही. कॉफीच्या डब्यावाल्या काकूंनी सप्टेंबरमध्ये दुसरा डबा आणते म्हणून सांगितलंय. तुम्ही त्याआधी पोचलात तर त्या रांगेच्या टोकाला, झाडाखाली बसतात. पुठ्ठा घेऊन जा.